बिजामायनं घेतलेलं नाव

तुमच्या आजोबांचे आजोबा पाळण्यात होते, त्याच्याही आधीची ही गोष्ट. वऱ्हाडात, सातपुड्याच्या पायथ्याला कोसंबखेड नावाचं गाव होतं आणि त्या गावात बिजामाय राहत होती. तिचा नवरा गावचा गारपगारी, म्हणजे ढगांसमोर त्रिशूळ रोवून मंत्रानं गारा परतवणारा माणूस. नवरा गेला, त्याच्याबरोबर मंत्रही गेला. पण आभाळ वाचायची विद्या बिजामायकडे राहिली.

आभाळाच्या प्रत्येक खोडीला तिच्याकडे शब्द होता. गावाजवळच्या टेकडीवरून ती ‘वावधन’ म्हणाली, की सोसाट्याचा वारा येणारच; बाया लगोलग छपरांवर दगड ठेवत. ‘झड’ म्हणाली, की आठवडाभराचं सरपण आत घ्यायचं. ‘इज’ म्हणाली, की गुराखी झाडाखालून पळत सुटत. तिची हाक तीन कोसांवर ऐकू जाई, असं म्हणतात. तीन जरा जास्तच झाले, पण दोन तरी धराच.

एकच शब्द गावात कुणी उच्चारत नसे, तो गारांचा. गारांना नावानं हाक मारली की त्या हाक मारणाऱ्याच्याच घरावर उतरतात, अशी सगळ्यांची पक्की समजूत. म्हणून गारांना म्हणायचं ‘पाहुणे’. बिजामाय ‘पाहुणे आले’ ओरडली, की पोरंबाळं, गुरंढोरं सगळी छपराखाली.

एका फाल्गुनात शेषराव पाटलांच्या मुलीचं लग्न निघालं. गावाबाहेर, टेकडीसमोरच्या मैदानात जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव उभा राहिला. अख्खं गाव तिथे जमलं, तान्ह्या लेकरांसकट. फक्त बिजामायची सून ठकू घरी होती, कारण ती आठ दिवसांची बाळंतीण.

भर दुपारी बिजामायनं टेकडीवरून पाहिलं. सातपुड्याकडून हिरवट काळा ढग येत होता आणि त्याच्या पोटात जातं फिरल्यासारखी घरघर चालली होती.

“पाहुणे आले व, पाहुणे आले!”

आता लग्नघरी हे ऐकल्यावर काय होणार? वाजंत्र्यांनी सनई धरली. सुवासिनी ताटं घेऊन मांडवाबाहेर आल्या. पाटील फेटा सावरत म्हणाले, “पाय धुवाले पानी आना रे. बिजामायले वऱ्हाड दिसलं.”

“वऱ्हाड नाई ते, पाटील!”

“मंग कोन हाये?”

उत्तर जिभेवर होतं. पण टेकडीच्या पायथ्याशी तिचं घर दिसत होतं. घरात ठकू होती, आणि ठकूच्या कुशीत आठ दिवसांची नात. इकडे सगळं गाव, तिकडे एवढासा जीव. बिजामायनं डोळे मिटले आणि छाती भरून श्वास घेतला.

“गारा! गारा हायेत, पळा!”

गाव जे पळालं, ते पळालंच. नवरी शालू खोचून सगळ्यांच्या पुढे. वाजंत्री डोक्यावर ढोल घेऊन मागे. मांडव रिकामा झाला आणि गारा कोसळल्या. नारळाएवढ्या होत्या, असं म्हणतात. मांडवाची चाळण झाली. मग ढगानं आभाळातच वळण घेतलं आणि नाव घेणारीचं घर गाठलं. घटकाभरात भिंतसुद्धा उरली नाही.

बिजामाय अनवाणी धावत आली आणि नुसत्या हातांनी बर्फ उपसू लागली. बोटं रक्ताळली तरी थांबेना. गाव मदतीला धावलं. ढिगाच्या तळाशी पेवाचं, म्हणजे धान्य ठेवायच्या जमिनीतल्या खड्ड्याचं, झाकण लागलं. ते उचललं तर आत ठकू बसलेली, आणि पोर छातीशी दूध पीत होती.

“आत्याबाई,” ठकू सासूला म्हणाली, “तुमी पाहुणे म्हन्लं, तवा मी वऱ्हाड पाहाले दारात उभी रायली व्हती. गारा म्हन्लं अन् पेवात उतरली.”

बिजामाय तिथेच मटकन बसली आणि मोठ्यानं रडली.

त्या दिवसापासून कोसंबखेडात गारांना गाराच म्हणतात. लग्नाचं वऱ्हाड आलं, की गावातली सगळ्यांत म्हातारी बाई त्याला वेशीवर अडवते आणि विचारते, “पाहुणे का गारा?” वऱ्हाडानं खरं उत्तर दिलं, की मगच पाय धुवायला पाणी. आणि बारशाला आत्या बाळाच्या कानाशी वाकते, तेव्हा बिजामायचं स्मरण करून आधी ‘गारा’ म्हणते. बाळाचं स्वतःचं नाव त्याला त्यानंतर सांगतात.