तिसरी तार

“मग या रकान्यात तुम्ही लिहिणार काय, चाचा? भोपळे घासले?”

शर्वाणीने फॉर्म पुढे सरकवला. दस्तगीरचाचांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ते तंबोऱ्याच्या एका तारेला बोट लावून कान देऊन बसले होते.

मिरजेत तंतुवाद्यं बनवणाऱ्यांच्या गल्लीत चाचांचं दुकान. शर्वाणी कुंभोजकर अकरावीतली. तिच्या कॉलेजने यंदा ‘कामातून शिक्षण’ अशी योजना काढली होती. मुलांनी कुठेतरी साठ तास काम करायचं आणि मालकाने काय शिकवलं ते लिहून खाली सही करायची. कुणी दवाखान्याच्या खिडकीवर बसलं, कुणी मामाच्या ऑफिसात जाऊन नुसते फोटो काढून आलं. ही पोरगी मात्र हट्टाने तंबोऱ्यांकडे आली. तिला ध्वनिशास्त्राचं वेड होतं, आणि त्या वेडाचा थोडा तोराही होता.

पहिल्याच दिवशी तिने चाचांना जवारी, म्हणजे तारेचा सूर गुंजता करायची कारागिरी, समजावून सांगितली. हो, चाचांना! घोडी म्हणजे तारांखालची हाडाची रुंद पट्टी. तिच्या किंचित उतरत्या पाठीला तार घासत कशी थरथरते, त्यातून एका सुरात दहा सूर कसे उमलतात, त्यासाठी पट्टी कानशीने कुठे किती घासायची... सगळं वहीत आकृतीसकट तयार होतं.

चाचांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मान डोलावली आणि तिच्या हातात पॉलिशकागद दिला.

तेव्हापासून तंबोऱ्यांचे भोपळे घासणं सुरू झालं. अधूनमधून दुसरं एक काम असायचं. चाचा जवारी काढायला बसले की समोर बसून तारा छेडत राहायच्या. पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज. तासन् तास तेच. बोटाला घट्टा पडला. तिने काही विचारलं की चाचांचं उत्तर ठरलेलं असायचं, बस की, छेड.

अठ्ठावन्न तास असे गेले. सोमवारी फॉर्म द्यायचा होता. बंगळूरच्या ध्वनी-शिबिराला कॉलेजातून एकच जण जाणार होतं आणि ते या फॉर्मवरून ठरणार होतं. शर्वाणीला ती जागा हवी होती. इतकी हवी होती, की आठवडाभर तिचं ना जेवणात लक्ष होतं ना झोपेत.

“एकदा तरी कानस हातात द्या, चाचा. मग जवारी लिहिता येईल.”

“येते काय तुला?”

“येते. मला सगळं ठाऊक आहे.”

“हं...”

चाचा उठले, टोपी घातली आणि दुपारच्या नमाजला निघाले. दारात थांबून त्यांनी भिंतीशी टेकवलेला तंबोरा दाखवला. सांगलीहून नलिनीबाई तो न्यायला येतील, त्यांना बसवून घे, म्हणाले. जवारी झालेली आहे, तारांखालचा दोरा तेवढा सरकवायचा राहिलाय, तो मी आल्यावर बघतो.

हात लावू नकोस, असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं, असं तिला नंतर वाटलं.

प्रत्येक तारेखाली घोडीवर एक सुती दोरा असतो. तो केसभर पुढेमागे केला की आवाज खुलतो. एवढंच ना! शर्वाणीने तंबोरा जवळ ओढला. पहिली तार खुलली. दुसरी खुलली. चौथीही खुलली.

तिसरी काही खुलेना.

तिने दोरा पुढे सरकवला, मागे घेतला, परत पुढे. एकदा जरा जमल्यासारखं वाटलं आणि हात हलला. तिने घड्याळ पाहिलं, दार पाहिलं. दहा मिनिटांत ती इतकी वैतागली की दोष दोऱ्याचा नाहीच, घोडीचा आहे, असं तिने ठरवून टाकलं. वहीतली आकृती तिला लख्ख आठवत होती.

तिने तार ढिली करून बाजूला घेतली. कानस उचलली. दोन हात मारले, तार चढवली, छेडली. बरी वाटली. अजून दोन हात मारले. मग अजून एक...

आणि विरता विरता तिसरी तार करकरली.

तिने पुन्हा छेडून पाहिली. पुन्हा तेच. वहीतल्या आकृतीत असला आवाज कुठेच नव्हता. दोरा आता कुठेही नेला तरी फरक पडत नव्हता, आणि घासलेलं हाड काही परत चिकटवता येत नाही.

तेवढ्यात चाचा परतले. त्यांच्या मागोमाग नलिनीबाई आल्या. बाई गाणं शिकवायच्या, तीस वर्षं. त्यांनी तंबोरा मांडीवर घेतला, छेडला आणि डोळे मिटले.

“वा! चाचांचा हात तो चाचांचाच हात.”

चाचांनी शर्वाणीकडून फॉर्म मागून घेतला, चष्मा लावला आणि पेनाचं टोपण काढलं.

बाई तंबोऱ्याला कापडी गवसणी घालू लागल्या. बाहेर त्यांची रिक्षा उभी होती.

आता सही होणार होती. गप्प राहिलं की झालं. बाईंना काही कळलं नव्हतं, चाचांच्या चेहऱ्यावरही काही दिसत नव्हतं. बाई खूश होत्या. कुणाचं काही बिघडणार नव्हतं. पण ती करकर शर्वाणीच्या कानातून जाईना. तिला आपल्या कानांचाच राग आला. बाई दाराशी पोचल्या, चपला शोधू लागल्या...

“बाई, नेऊ नका.”

दोघांसमोर तिने सगळं सांगून टाकलं. दोरा जमेना म्हणून घोडी घासली. चाचा नसताना. न विचारता. सांगताना तिचा आवाज चिरका झाला होता आणि त्याचीही तिला लाज वाटली.

नलिनीबाईंनी गवसणी काढून पुन्हा तारा छेडल्या. “मला तर काही वावगं वाटत नाही गं.”

“तिसरी... एकदम शेवटाला, आवाज विरताना. दुसरीच्या मागून लगेच छेडून बघा.”

बाई कान लावून बराच वेळ छेडत राहिल्या. असेल बाई, म्हणाल्या, आणि चाचांकडे पाहून तंबोरा खाली ठेवला. बुधवारी येते असं सांगून त्या रिकाम्या हातांनी रिक्षात बसल्या.

शर्वाणी बोलणी खायला तयार होऊन उभी होती. चाचा खाली मान घालून काहीतरी लिहीत होते. सावकाश, एकेक अक्षर काढत...

मग त्यांनी कागद तिच्यापुढे धरला.

रकान्यात एकच शब्द होता. जवारी. खाली सही.

तिचे कान तापले. ही थट्टा असेल तर फार वाईट होती, आणि दया असेल तर त्याहून वाईट.

“चाचा, हे खोटं आहे. मी घोडी बिघडवली.”

चाचांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसला.

“जवारी आधी कानात येते, मग हातात. खोटं असतं, तर तंबोरा आत्ता सांगलीच्या रस्त्याला लागला असता.”