नुसतं बसायचं काम

मोटारींच्या कारखान्यात नवा वेतनकरार ठरत होता. तयार गाड्या चालवत नेऊन मालगाडीच्या डब्यांत चढवणाऱ्या बारा ड्रायव्हरांची नावं मॅनेजर सरपोतदार साहेबांनी कराराच्या यादीतून उडवली.

"गाडी इंजिनावर चालते. हे नुसते बसतात. बसण्याचा कसला आलाय करार?"

बाराजणांत सगळ्यात जुना हणमंत कुदळे. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर मालगाडी लागली, तेव्हा त्याने पहिल्या गाडीची किल्ली साहेबांच्या हातावर ठेवली. "आज तुम्हीच बसा, साहेब."

साहेब तावातावाने बसले आणि त्यांनी गाडी थेट डब्यात घातली. पण डबा इतका अरुंद, की दार चार बोटंच उघडलं. मागे घ्यायला गेले, तर पत्रा खर्रकन घासला.

"अरे, आता उतरू कसा?"

हणमंत रोज खिडकीतून अंग चोरून उतरायचा. तो शांतपणे म्हणाला, "उतरण्याचं काम करारात धरलेलं नाही, साहेब. तुम्ही नुसते बसा."

मालगाडी सुटायला तासभर होता. कराराचा कागद त्या चार बोटांच्या फटीतून आत गेला आणि बारा नावांसकट सही होऊन बाहेर आला.

मग हणमंताने साहेबांना खिडकीतून उतरायला शिकवलं.