चूल नसलेल्याचे पान

एका राज्यात वर्षातून एकदा साऱ्या सृष्टीची पंगत बसत असे, आणि राजा मणिभद्र यजमान म्हणून स्वतः वाढायला उभा राहत असे. रिवाज असा, की प्रत्येकाने आपल्या घरच्या चुलीतला निखारा घेऊन यायचे. ज्याच्या हाती निखारा तो सजीव. त्याचे पान आतल्या चौकात. ज्याच्याकडे निखारा नाही तो निर्जीव. त्याचा पाट बाहेर अंगणात, दगडधोंड्यांच्या ओळीत. चौकात वड-पिंपळांची एक ओळ, वाघ-माणसांची दुसरी, अळंब्यांची तिसरी, आणि डोळ्यांना न दिसणारे जीवाणू आपले तिळाएवढे निखारे फुंकीत शेवटच्या ओळीत. पंगतीचे प्रमुख भार्गवशास्त्री मिशीवर ताव देत म्हणत, "आमच्या मांडणीतून मुंगीसुद्धा सुटायची नाही."

मुंगी सुटली नव्हतीच. जो सुटला होता, तो मुंगीहून फार लहान होता.

लोक त्याला विषाणू म्हणत. त्याला घर नाही, चूल नाही. जवळ एक इवलेसे गाठोडे, आणि गाठोड्यात एक दोरा. आपल्यासारखाच दुसरा कसा घडवावा, एवढेच त्या दोऱ्याच्या गाठींना ठाऊक. वारा नेईल तिथे तो धूळ होऊन पडे. कोणाच्या घरात शिरला, तरच त्या घरच्या आगीने त्याला जाग येई. जागा झाला, की त्याच चुलीवर आपल्यासारखे आणखी घडवी, आणि ते घर तापाने फणफणे. काय हे जिणे! ज्याच्याशी दोन शब्द बोलावेत, तोच अंथरुणाला खिळलेला.

त्या वर्षी पंगतीच्या दिवशीच राजाची एकुलती एक कन्या शलाका तापाने फणफणली. वैद्यांनी हात टेकले. तेव्हा खिडकीत भारद्वाज पक्षी येऊन बसला आणि बोलला, "राजा, ज्या मायावीने तुझ्या चौकाची भुई सारवली, त्याचा शाप आहे. एक जण जरी पानावाचून राहिला, तरी यजमानाच्या घरचा ताप उतरायचा नाही. आणि सूर्यास्तापर्यंत उतरला नाही, तर मुलगी हाती लागायची नाही."

"राहिला कोण?" राजाने विचारले.

"ताप ज्याचा आहे, त्याला विचारा."

शलाकेने डोळे मिटले. आपल्याच आत वळून तिने विचारले, "कोण तू?"

आतून बारीक आवाज आला, "ठाऊक नाही. आजवर कोणी विचारले नाही."

ती अंगाभोवती घोंगडी लपेटून उठली आणि भिंतीला धरून चौकात आली. तो आतून सांगे, ती मोठ्याने बोले.

"निखारा?" शास्त्रीबुवांनी विचारले.

"नाही."

"खातोस-पितोस? वाढतोस?"

"घडलो तेवढाच आहे."

"मुलेबाळे?"

"होतात. पण दुसऱ्याच्या चुलीवर."

"मग तू इथला नव्हेस. पुढे चल."

ती अंगणात गेली. सगळ्यांत जुना पाषाण म्हणाला, "आम्हांला मुले होत नाहीत, राजकन्ये. शिवाय गेल्या साली हा वेगळाच अंगरखा घालून आला होता. पाषाण वेष पालटीत नाही. आमच्यात नको."

ती परत फिरली आणि जीवाणूंच्या ओळीपुढे वाकली. निदान आकाराने तरी हे त्याच्या जवळचे. पण जीवाणू मागे सरले. "आम्ही बारीक असलो तरी आपल्या घरचे खातो, बाई. याला शेजारी घेतला, तर आधी आमचेच घर बसेल."

शलाका उंबऱ्यावर मटकन बसली. सूर्य कलला होता. आतला आवाज म्हणाला, "चल, राजकन्ये. मला सवय आहे."

हे ऐकून तिला रडू आले, आणि रडता रडता रागही आला. "शास्त्रीबुवा, या ओळी कोणी आखल्या?"

"आपल्या पूर्वजांनी."

"मग चूक ओळींची आहे. याची नव्हे."

तिने रांगोळीची वाटी मागवली. चौकात नाही, अंगणात नाही, उंबऱ्यापलीकडच्या रिकाम्या ओटीवर तिने नवी रेघ ओढली. "ज्यांच्याजवळ निखारा नाही पण दोरा आहे, त्यांची ही पंगत. एकेरी दोऱ्याचे या बाजूला, दुहेरी दोऱ्याचे त्या बाजूला. निखारा कोणी मागायचा नाही."

शास्त्रीबुवांनी राजाकडे पाहिले. राजाने स्वतः पाने मांडायला घेतली.

तोच वारा उठला. समुद्रावरून, तंबाखूच्या पानांवरून, गाईगुरांच्या गोठ्यांतून, वटवाघळांच्या गुहांतून धूळ येऊ लागली आणि कण कण आपापल्या बाजूला बसू लागला. ओटी भरली, पायऱ्या भरल्या, तरी येणारे संपेनात.

"एवढे माझे होते?" शलाकेच्या आतून तो म्हणाला. "मला वाटे, मी एकटाच."

शलाकेच्या कपाळावर घाम फुटला. शाप सुटला होता. तशी तिला धडकी भरली, कारण आतला आवाज विझत चालला होता.

"ताप उतरतोय," तो म्हणाला. "आता मला झोप लागेल."

"पुन्हा जागा कधी होशील?"

"कोणी तरी तापेल तेव्हा. त्यापेक्षा नकोच जाग."

"पण तुझे पान मांडले आहे. तू बघणार नाहीस?"

"तू बघ," तो म्हणाला. मग काही बोललाच नाही.

तिला एक ठसका आला. तळहातावर एक कण पडला, आहे की नाही असा. तिने तो नेऊन ओटीवरच्या पानावर अलगद ठेवला. राजाने लेकीच्या कपाळाला हात लावला. ते गार होते. शास्त्रीबुवांनी पगडी काढून नव्या ओळीला नमस्कार केला आणि आत पंगत सुरू झाली. भात आला, वरण आले, तुपाची धार आली. जो तो आपापल्या पानावर, आपापल्या माणसांत.

शलाका आत गेली नाही. ती ओटीवर त्या पानासमोर उभी राहिली. कण हलत नव्हता. यजमानाच्या लेकीने पाहुण्याला म्हणायचे असते, म्हणून तिने हात जोडले आणि म्हणाली, "सावकाश होऊ द्या."