शेरभर न्यूक्लियस

"सोमवारचा बाजार भरायच्या आत शेरभर न्यूक्लियस माझ्यापुढे आणून ठेव! नाहीतर तुझी म्हैस सरकारजमा!"

खडकमाळचा राजा उदाजी हौसा तूपवालीवर गरजला. न्यूक्लियस कुठल्या झाडाला लागतं हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं. घरी म्हैस मात्र एकच होती, चंद्री. तिच्याच दुधातुपावर हौसा आणि तिचे आंधळे वडील जगत होते.

आणि बिचारीचा गुन्हा तरी काय? महिन्यापूर्वी कुणी गोरा पाहुणा एक जाडजूड इंग्रजी पुस्तक राजवाड्यात विसरून गेला. राजाने ते वाचलं, आणि तेव्हापासून त्याचं डोकं काही ताळ्यावर आलं नाही. भाकरी मोडली की ओरडायचा, "फिशन!" दोन लाडू एकत्र दाबले की, "फ्यूजन!" त्याला शिंक आली की अख्ख्या दरबाराने ओळीने शिंकायचं, कारण ती "चेन रिॲक्शन!" शेवटी तर त्याने फर्मानच काढलं. दरबार म्हणजे ॲटम, सिंहासनावरचे आपण मधोमध न्यूक्लियस, आणि सरदार-मानकरी सगळे इलेक्ट्रॉन. इलेक्ट्रॉनांनी बसायचं नाही, दिवसभर राजाभोवती गरगर फिरायचं!

त्या सकाळी हौसा तुपाची चरवी घेऊन दरबारातून मुदपाकखान्याकडे निघाली होती. चक्कर आलेले दिवाणजी तिच्यावर आदळले, दिवाणजींवर सेनापती आणि सेनापतींवर राजवैद्य. राजा सिंहासनावरून उडालाच! "न्यूट्रॉन! बाहेरून आली आणि माझा ॲटम मोडला! आता भरपाई म्हणून न्यूक्लियस आण. शेरभर! कमी चालणार नाही!"

दुपारी राजा वामकुक्षीला गेला, तेव्हा हौसाने खांबाला टेकलेल्या दिवाणजींना गाठलं. तिचे डोळे रडून लाल झाले होते.

"दिवाणजी, तुमच्या पाया पडते. त्ये न्यूक्लियस म्हंजे काय, एवढं तरी सांगा!"

"पोरी, ते कुणाला काढून दाखवता येत नाही," दिवाणजी कपाळ धरून म्हणाले. "पुस्तकात लिहिलंय, जगातली प्रत्येक वस्तू ॲटमची. दगड घे, दही घे, नाहीतर मी घे. ॲटमच्या मधोमध न्यूक्लियस. केवढं? कवायतीच्या मैदानात मुगाचा दाणा ठेवावा, तेवढं!"

"आन् बाकी मैदानात?"

"आमच्यासारखे इलेक्ट्रॉन. नुसते फिरतात. वजन म्हणशील तर कशातच जमा नाहीत! शेरभर वस्तूतले अगणित इलेक्ट्रॉन सगळे गोळा केले तरी तीन गुंजा भरायचे नाहीत. बाकी सगळा भार न्यूक्लियसचाच."

हौसाने पदराने डोळे पुसले. "तीन गुंजा?" तिने पुन्हा विचारलं. मग ती हसली, चरवी उचलली आणि चंद्रीची धार काढायला घरी गेली. उन्हाने पोरीचं डोकं फिरलं, असं दिवाणजींना वाटलं.

सोमवारी सकाळी हौसा दरबारात आली ती काखेत तराजू आणि डोक्यावर चरवी घेऊन. फिरणारे सरदार जागच्या जागी थबकले.

"आणलंस न्यूक्लियस?" राजाने विचारलं.

"आणलंय की, सरकार! मोजून घ्या."

तिने एका पारड्यात रिकामी चरवी ठेवली, दुसऱ्यात खडे टाकून धडा केला, म्हणजे चरवीचं वजन आधीच भरून काढलं. मग खड्यांशेजारी शेराचं वजन ठेवलं आणि चरवीत तूप ओतलं. काटा बरोबर मधे आला, तशी कनवटीच्या तीन गुंजा काढून तिने वजनाच्या पारड्यात टाकल्या आणि काटा जुळेपर्यंत चरवीत आणखी तूप सोडलं.

"अगं, हे तर तूप!" राजा ओरडला. "मला फसवतेस?"

"सरकार, तूप मोजताना आमी चरवीचा धडा आधी करतो. चरवीचं वजन गिऱ्हाइकाच्या माथी मारत न्हाई. तसंच ह्ये इलेक्ट्रॉनबी नुसतं भांडं! त्यांच्या तीन गुंजा आमी वर घातल्या. बाकी पुरा शेर निव्वळ न्यूक्लियस. वर माप झुकतं, तुमचाच फायदा!"

राजाने दिवाणजींकडे पाहिलं. दिवाणजींनी पुस्तक चाळलं, बोटं मोजून हिशेब केला आणि मान डोलावली. "वजन बरोबर आहे, महाराज."

"पण मला न्यूक्लियस वेगळं हवं!" राजा हट्टाला पेटला. "इलेक्ट्रॉन काढून टाक!"

"आता गं बया! तूप घालून आमी भांडं ठेवून जातो, सरकार. त्ये रिकामं करायचं काम गिऱ्हाइकाच्या घरचं. तुमच्या मुदपाकखान्यात रोज करत्यात की!" हौसाने कमरेवर हात ठेवले. "तुमी बी करा सावकाश. पर माझे इलेक्ट्रॉन मोजून परत द्या, एकबी हरवू नका!"

दरबारात कुणीतरी खुदकन हसलं. राजा तुपाकडे पाहत राहिला. बोट बुडवलं, पाहिलं, चाटलं. इलेक्ट्रॉन काही सुटेना.

"आणि नाहीच जमलं रिकामं करायला तर?"

"तर भांडं ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं, आन् चंद्री ऱ्हाऊ द्या माझ्या गोठ्यात. जमलं तर मात्र एक ध्यानात ठेवा, सरकार," हौसा हात जोडून म्हणाली, "खानदानी घरातनं शेजारणीचं भांडं कधी रिकामं परत जात न्हाई. वाटीत चिमूटभर साखर तरी घालत्यात. माझे इलेक्ट्रॉन तर मोजता येणार न्हाईत एवढे हायेत. एकेकात एकेक साखरेचा दाणा घालायचा म्हटलं, तरी तुमचं सगळं राज्य पुरायचं न्हाई!"

 मग राजाचं पोट हललं, मिशा हलल्या, आणि तो असा खदखदून हसला की मुकुट घरंगळून दिवाणजींच्या पायाशी गेला.

"हरलो! इलेक्ट्रॉनांचं भांडं मला ठेवून घेऊ दे, बाई!" डोळे पुसत तो म्हणाला. त्याने हौसाला चंद्रीच्या जोडीला दोन दुभत्या म्हशी दिल्या, नदीकाठचं कुरण दिलं आणि ती पितळी चरवी साखरेने शिगोशीग भरून परत केली. सरदारांनाही बसायची परवानगी मिळाली.

दिवाणजी मात्र आसनाभोवती दोन फेऱ्या मारून मगच बसले.