पंपघरातला बाण

पाणीपुरवठ्याच्या पंपघरात संगणक चालवणारा विलास वारला आणि तेराव्या दिवसापासून पडद्यावरचा बाण आपोआप हलू लागला. माउसला कुणाचाच हात नसायचा, तरी बाण सरपटत जायचा आणि गावाच्या पाण्यातलं क्लोरीन वाढवून ठेवायचा.

त्या जुन्या प्रोग्रॅमची दुरुस्ती कंपनीनं चार वर्षांपूर्वीच बंद केली होती. इंटरनेटवरून कुणीही चोर आत शिरेल, हे सांगून सांगून विलास थकला होता. पाणीपुरवठ्याचे प्रमुख कुरुंदवाडे साहेब म्हणायचे, "चालतंय ना? मग चालू दे."

त्याच साहेबांनी विलासच्या धाकट्या भावाला, गेनूला बोलावलं आणि सगळ्यांसमोर सुनावलं, "पिंडाला कावळा शिवला नव्हता ना? बघ, तुझा भाऊच गावाला विष पाजतोय. शांत कर त्याला."

तेवढ्यात बाण हलला. "दादा" अशी हाक गेनूच्या ओठांवर आली. मग त्यानं पुढं होऊन संगणकामागची इंटरनेटची वायर उपटली. बाण जागच्या जागी थिजला.

"भुताला वायर लागत नाही, साहेब, चोराला लागते," गेनू रडत म्हणाला. "आणि हा खरंच माझा दादा असता, तर मी ती उपटली असती का?"