दुसरे ताट

प्रवरेकाठच्या टाकळगव्हाणात दयाळबाबा राहायला आले, तेव्हा एक एकतारी, एक घोंगडी आणि शुभवर्तमानाची जीर्ण प्रत एवढाच त्यांचा संसार होता. प्रार्थनामंदिरामागच्या खोपीत ते राहत आणि ज्या घरी भाकरी मिळेल तिथे प्रभू येशूचे नाव घेऊन जेवत. भाविकहो, अशा माणसापाशी गावाचे दुःख आपल्या पायांनी चालत येते!

एका दुपारी दिनाबाई उजागरे आली. तिच्या हातच्या भाकरीला पंचक्रोशीत तोड नव्हती. पण गेल्या नाताळच्या प्रीतिभोजनात ती पिठाच्या पोत्यांमागे लपून दोन्ही हातांनी खाताना सापडली आणि ख्रिस्ती मंडळीच्या चुलीपाशी तिला मज्जाव झाला. मंडळीचे कारभारी सीलास पाटोळे दर शुक्रवारी उपास करीत आणि आपला उपास आहे हे गावाला तीनदा ऐकवीत. ते चारचौघांत म्हणायचे, "दिनाबाईनं ताटावर आडवा हात धरलेला कुणी पाहिलाय का? दाखवा, फेटा काढून पायावर ठेवतो!" सगळे हसत. दिनाबाईही हसे आणि घरी जाऊन, दार लावून, खात बसे.

"बाबा, पोट भरतंय, पण हात थांबत न्हाई," ती म्हणाली. "खाऊन रडते, अन् रडता रडता पुन्हा टोपलं उघडते. माझी लेक गेली तवापासून ह्ये लागलंय. किती शपथा घेतल्या, सगळ्या मोडल्या."

बाबांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, "पोरी, आता शपथ नको. तू एकटी खातेस, तिथंच घात होतोय. दोन ताटं वाढत जा. 'प्रभू, जेवायला या' म्हण, मग घास घे. दुसरं ताट दारावर येईल त्याला दे. हात थांबवायचं काम प्रभूवर सोपव."

दिनाबाई दोन ताटे वाढू लागली. कधी साधले, कधी सपशेल फसले. फसले की ती तोंड लपवीत खोपीपाशी येई. बाबा एवढेच म्हणत, "उद्या पुन्हा दोन ताटं."

सुगीनंतरचा उपकारस्तुतीचा सण आला. या वेळी भाकऱ्या दिनाबाईच करील, असे बाबांनी सांगितले आणि सीलास उसळले. "बाबा, सणासुदीला मंडळीला उपाशी ठेवायचंय का?"

"भाकरी कमी पडली तर मीच गाव सोडून जाईन," बाबा शांतपणे म्हणाले.

दिनाबाईच्या कानावर ते आले. आपल्या एका हातामुळे गाव बाबांना मुकणार!

सणाच्या दिवशी पहाटेपासून मंडळीच्या स्वयंपाकघरात तिने बायांच्या सोबतीने भाकऱ्या थापल्या. तीन टोपल्या भरल्या. बाया उपासनेला गेल्या. "तुम्ही राखण करा, कुत्री शिरतात," असे तिला म्हणून सीलासनी बाहेरून कडी घातली. जाताना ते हसत होते.

ताज्या भाकरीचा वास, पहाटेपासूनचे रिकामे पोट आणि बघायला कुणी नाही. दिनाबाईचा हात टोपलीकडे गेला. मग तिने घाईघाईने दोन ताटे मांडली, दोन्हीत भाकरी आणि पिठले वाढले.

पण दाराला कडी! आज कोण येणार?

"प्रभू," ती हुंदका देत म्हणाली, "आज दारावर कुनी येऊ शकत न्हाई. तूच ये देवा, न्हाईतर मी बुडाले!"

डोळे मिटून, रडत रडत तिने पहिला घास घेतला. भाकरी संपली. हात सवयीने पुन्हा टोपलीकडे गेला आणि मध्येच थांबला. लहानपणी आई मनगट धरी तसेच कुणीतरी हळूच धरल्यासारखे वाटले. लेक गेल्यापासून रिकामे राहिलेले काहीतरी आत भरून आले. केवढी तृप्ती ती!

तिने डोळे उघडले. समोरचे ताट रिकामे होते.

तेवढ्यात कडी वाजली. दारात सीलास उभे होते, चेहरा पांढराफटक.

"कारभारी, देवाशपथ, त्ये ताट म्या न्हाई खाल्लं..."

"ठाऊक आहे," सीलास म्हणाले. "तुम्हाला पकडायला मी खिडकीच्या फटीतून बघत होतो. तुमच्यासमोर एक जण बसला होता. भाकरी मोडत होता. त्याच्या हातांना खिळ्यांचे वण होते, दिनाबाई!"

ते उंबरठ्यावरच मटकन खाली बसले.

त्या दिवशी गाव जेवले, वाटसरू जेवले, तरी टोपलीत भाकरी उरली. "सीलास, मी काही गाव सोडत नाही बरं का!" बाबा मिश्कीलपणे म्हणाले. सीलास स्वतः वाढत होते. दिनाबाईच्या ताटात त्यांनी एक भाकरी वाढली. दुसरी वाढायला ते वाकले, तर तिने ताटावर हात आडवा धरला.

"पुरे, कारभारी. पोट भरलं."

सारी पंगत बघत राहिली. सीलासनी टोपली खाली ठेवली, फेटा काढून तिच्या पायांशी ठेवला आणि तिथेच माथा टेकला. "माझे सगळे उपास फुकट गेले, बाई."

दिनाबाईने फेटा उचलून त्यांच्या हाती दिला आणि शेजारी मांडलेल्या ताटात भाकरी वाढली.

"उठा, कारभारी. बसा जेवायला. आज ह्ये दुसरं ताट तुमचं."