इनासमामाचं फाटक

वसईच्या किनाऱ्याला आगगाडी नवी नवी आली होती आणि लोक ती नुसती बघायला सणाचे कपडे घालून जात होते, तेव्हाची ही गोष्ट. खाडीच्या अलीकडे उंबरखळ, पलीकडे पल्याडपाडा. उंबरखळात केळीच्या बागा, पानवेली, गोड्या पाण्याच्या विहिरी. पल्याडपाड्यात मिठागरं आणि मासळी. दोन्ही वस्त्या ख्रिस्ती आणि देऊळ दोघांचं एकच. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. ते होतं उंबरखळात, त्यामुळे उंबरखळची माणसं देव आपल्याच बाजूला राहतो असं समजून चालायची.

त्या देवळाच्या आवारात फादर मानुएल यांनी शाळा काढली. आईबाप मुलाला फाटकापर्यंत आणायचे, बाप डोक्यावरची लाल टोपी काढून दुरूनच नमस्कार करायचा आणि दोघं माघारी फिरायची. आत कुणी पाऊल टाकत नसे. शाळा फादरची, पोर फादरचं, आणि मार बसला तर तोही फादरचाच. आत काय शिकवतात, पोर रडलं तर का रडलं, हे विचारणं म्हणजे उद्धटपणा, असं आईबापांनी आपणच ठरवून टाकलं होतं. फादरांनी तसं कधी सांगितलं नव्हतं, पण त्यांना ते सोयीचं होतं, हेही खरं.

आता इनासची ओळख करून घ्या. हा इनास गावाची हाळी द्यायचा. कुणी वारलं, कुणाच्या बागेत पाणी शिरलं, की इनास बांधावर उभा राहून हाक मारायचा. त्याची हाक उठली की खाडीतले बगळे उडायचे आणि मिठागरातली माणसं हातातलं काम टाकून उभी राहायची. भरतीचं पाणीसुद्धा ऐकायला क्षणभर थांबायचं, असं म्हणतात.

पण या इनासच्या मनात एक सल होता. तो जन्माचा पल्याडपाड्याचा. उंबरखळच्या एका बागायतदाराकडे घरजावई म्हणून आला आणि तिथलाच होऊन बसला. तिथलाच होऊन बसायला त्याला फार कष्ट पडले. त्याने बोलणं बदललं, टोपी घालायची ढब बदलली, घरात सुकी मासळी शिजवणं बंद केलं, आणि पल्याडपाड्याचा विषय निघाला की ‘तिकडची माणसं’ असं म्हणायला लागला. पलीकडे त्याची सख्खी बहीण राहत होती, रेजीन तिचं नाव. तिला पोलीन नावाची एकच मुलगी, आणि ती याच शाळेत येत होती. इनास तिचा सख्खा मामा, पण फाटकाशी भेटली तर तो तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं करायचा.

अशात बिशपांचा हुकूम आला. प्रत्येक शाळेला गावातल्या माणसांचं एक सल्लागार मंडळ असावं, आणि आईबापांचं जे काही म्हणणं असेल ते या मंडळाने फादरच्या कानावर घालावं. फादर मानुएल यांनी पेदू पाटील आणि आणखी दोघा बागायतदारांना घेतलं. मग म्हणाले, “इनासला घ्या. त्याचा आवाज सगळ्यांपर्यंत पोचतो.” सगळ्यांचा आवाज इनासपर्यंत पोचतो का, हे कुणी विचारलं नाही. इनासला तर आभाळ ठेंगणं झालं. घरजावई थेट फादरच्या शेजारी बसणार होता.

पहिली बैठक पाद्रीघरात भरली. चिनी मातीच्या कपांतून कॉफी आली. कप कुठे धरावा हेच मंडळींना कळेना, मग बोलणं दूरच. फादर म्हणाले, “द्या सल्ला. शाळेसाठी काय करू?”

सगळे कॉफीत बघत बसले. पेदू पाटलांनी खाकरून घेतलं, पण पुढे शब्द नाही. इनासला वाटलं, आपल्याला आवाजासाठी घेतलंय, आता गप्प बसलो तर उद्या काढून टाकतील. फादर उशिरा येणाऱ्या पोरांवर चिडतात, हे त्याने ऐकलं होतं. तो म्हणाला, “फादर, घंटा झाली की फाटक लावून घ्यावं. पोरांना शिस्त लागेल.” खाडीपलीकडे पोचणारा तो गळा, पण पाद्रीघरात त्याचा आवाज मांजराएवढा झाला होता. तरी फादरांना ऐकू गेलं आणि त्यांनी खूश होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात इनासला पुढे कितीतरी दिवस जाणवत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून फाटक लागू लागलं, आणि बाहेर राहू लागली ती सगळी पल्याडपाड्याची पोरं. खाडीवर तेव्हा पूल नव्हता. ओहोटी लागली की पोरं पाटी डोक्यावर घेऊन चिखलातून यायची. ओहोटीची वेळ रोज थोडी पुढे सरकते, घंटेची नाही, हे किनाऱ्यावर कुणाला सांगावं लागत नाही. इनास त्याच चिखलातून चालत लहानाचा मोठा झाला होता. सल्ला देताना हे त्याला आठवलं नव्हतं का? आठवलं होतं, असं म्हणतात. आठवूनही तो बोलला, आणि म्हणून तर ही गोष्ट आजवर सांगावी लागते.

रेजीन त्याच्याकडे आली. पुढच्या दाराने येऊन भावाला अवघडायला नको म्हणून मागच्या दाराने आली. म्हणाली, “दादा, पोरं रोज फाटकाशी रडतात नि मागं येतात. ओहोटी काय फादरच्या घंटेवर लागते? तू आत बसतोस, फादरला एवढं सांग.”

“सांगतो,” इनास म्हणाला.

“नक्की ना?”

“सांगतो म्हटलं ना, रेजीन.”

पुढची बैठक झाली. फादरांनी विचारलं, “सगळं ठीक?” मंडळी म्हणाली, “होय फादर.” इनासही म्हणाला, “होय फादर.” घरी येऊन त्याने बहिणीला निरोप धाडला की फादरला सांगितलंय, फादर विचार करतायत. त्यापुढच्या बैठकीलाही तेच झालं आणि पलीकडे तोच निरोप गेला. खोटं एकदा जिभेवर बसलं की दुसऱ्यांदा तेवढं जड लागत नाही.

रेजीन भोळी होती. फादर एवढे दिवस आपल्या पोरांचा विचार करतायत, तर त्यांचे आभार मानायला हवेत, असं तिच्या मनात आलं. बैठकीच्या दिवशी ती टोपलीभर चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, घेऊन, पोलीनचा हात धरून पाद्रीघराच्या ओट्यावर येऊन उभी राहिली. दार उघडंच होतं.

आत फादर विचारत होते, “पल्याडपाड्याची मुलं हल्ली दिसत नाहीत. काय कारण?”

पेदू पाटील म्हणाले, “आळशी लोक, फादर. दुसरं काय?” सगळ्यांनी माना डोलावल्या आणि इनासकडे बघितलं. तो तिकडचा होता ना, म्हणून बघितलं. त्या बघण्याने इनासचे कान तापले. आपलं एवढ्या वर्षांचं कमावलेलं सगळं या एका क्षणात जाणार, असं त्याला वाटलं.

“होय फादर,” तो म्हणाला. “तिकडच्या माणसांना शाळेची किंमत नाही.”

ओट्यावर टोपली खाली ठेवल्याचा आवाज झाला. इनासने मान वळवली तर दारात बहीण उभी होती. तिने चिंबोऱ्या तिथेच ठेवल्या, पोरीला घेतलं आणि निघून गेली. इनासने उठून तिच्या मागे जायला हवं होतं. तो गेला नाही. त्याने कॉफी संपवली, आणि त्या कॉफीची चव मरेपर्यंत त्याच्या तोंडातून गेली नाही, असं म्हणतात.

त्याच आठवड्यात गावात एक म्हातारा वारला. इनास बांधावर उभा राहिला, छाती भरून घेतली, तोंड उघडलं आणि काही म्हणता काही बाहेर आलं नाही. बायकोने मिरी-मध दिला, सासूने दृष्ट काढली, पेदू पाटलांनी ताडी सुचवली. गाव म्हणालं, गळा धरला. इनासला ठाऊक होतं गळ्याला काय झालंय ते. ‘होय फादर’ एवढ्यापुरताच ज्याचा उपयोग, तो आवाज आपल्याला सोडून गेला, आणि बरंच झालं, असं त्याला वाटत होतं. लाजेने तो पल्याडपाड्याकडे नजर टाकेनासा झाला.

तिकडे पोलीनने मनाशी एक ठरवलं होतं. आई म्हणाली, “नको जाऊ, पोरी. त्यांना आपण नको हाय.” पोर म्हणाली, “मी घंटेच्या आधी पोचते. मंग मामाला कळेल, आपल्याला किंमत हाय.” आणि एका सकाळी, आईचा डोळा चुकवून, ओहोटी पुरती लागायच्या आत ती खाडीत उतरली.

इनास बांधावर होता. त्याला पाण्यावर आधी पाटी दिसली, मग पाटीखालचं डोकं. त्याने ‘थांब’ म्हणून हाक मारायला तोंड उघडलं. ज्या गळ्याने बगळे उडायचे त्यातून नुसता वारा आला. पोर आणखी पुढे आली. पाटी कलली.

मग इनासने पाण्यात उडी घेतली. त्या सकाळी पाणी त्याच्या छातीच्या वर चढलंच नाही, असं म्हणतात. कुणी म्हणतं, समुद्राने त्या दिवशी ओहोटी वेळेआधी ओढून घेतली. काही जाणती माणसं म्हणतात, अरे, तो पल्याडपाड्याचाच होता, त्याला पोहता येत होतं. काहीही असो, त्याने पोरीला पकडलं, खांद्यावर बसवलं आणि चिखल तुडवत काठाला आणलं. दोघं बांधावर चढताहेत तोवर घंटा झाली, आणि फाटक लागलं.

पोरांना सोडून माघारी निघालेले आईबाप जागच्या जागी थांबले. फाटकाबाहेर सल्लागार मंडळाचा इनास उभा होता, छातीपर्यंत चिखल, खांद्यावर थरथरणारी पोर. त्याने फाटक गदागदा हलवलं. फादर मानुएल चिडून बाहेर आले आणि बघून घाबरले. “इनास? काय झालं? कोण ही?”

इनासने तोंड उघडलं. आवाज इतका बारीक निघाला की ऐकायला फादरांना वाकावं लागलं आणि लोकांना पुढे यावं लागलं.

“माझी भाची, फादर. मी पल्याडपाड्याचा. ओहोटीबिगर यांना वाट नाय, हे मला ठाऊक होतं. तरी हे फाटक मी लावलं.”

एवढ्यात रेजीन धापा टाकत आली. तिने पोरीला त्याच्या खांद्यावरून ओढून घेतलं, छातीशी धरलं, आणि मग भावाकडे बघितलं.

“दादा,” ती म्हणाली, “एवढंच सांग. तुला फादरची भीती वाटली, का आमची लाज वाटली?”

भीती म्हटलं असतं तर सुटला असता. भीती सगळ्यांनाच वाटत होती, लोकांनी समजून घेतलं असतं. चिखल त्याच्या अंगावर वाळायला लागला होता.

“लाज,” तो म्हणाला.

ज्यांनी ‘आळशी लोक’ म्हणून माना डोलावल्या होत्या, ते एकमेकांकडे बघायचं टाळत होते. गर्दीतल्या पेदू पाटलांनी टोपी काढली आणि हातात चुरगळत राहिले. शेवटी फादर मानुएल म्हणाले, “मी तुला सल्ला मागितला, आणि तू माझ्याच मनातलं मला सांगितलंस. आणि मी खूश झालो. ही लाज एकट्याची नाही, इनास.” त्यांनी आपल्या हाताने फाटक उघडलं. त्या दिवशी पहिल्यांदा आईबाप आवारात शिरले, आधी बिचकत, मग घोळक्याने.

पुढे शाळेची घंटा ओहोटी बघून होऊ लागली. रेजीनने भावाशी बोलायला बरीच वर्षं घेतली, आणि ती घेतली म्हणून तिला कुणी नावं ठेवली नाहीत. इनासचा तो मोठा आवाज काही परत आला नाही. पण प्रत्येक बैठकीआधी तो दोन्ही वस्त्यांत दारोदार फिरू लागला. ओट्यावर बसायचा, हळूच विचारायचा, “तुमचं काय म्हणणं हाय?” आणि ऐकायचा. मग फादरांसमोर ते जसंच्या तसं सांगायचा. फादर चिडले तरी सांगायचा. दोन्ही गावची पोरं त्याला मामा म्हणू लागली. तो ज्या रेघेने खाडी ओलांडायचा तिथला चिखल घट्ट होत गेला आणि पुढे पुलाच्या खांबांना टणक जमीन सापडली ती तिथेच, असं म्हणतात. तो गेला तेव्हा हाळी द्यायला गावात तसा गळा नव्हता. तरी न बोलावता दोन्ही काठांची माणसं जमली.

आता शाळा मोठी झालीय. दर जूनमध्ये मंडळाची पहिली बैठक आवारातच, आईबापांसमोर होते. त्या बैठकीला लोक ‘इनासमामाचं फाटक’ म्हणतात. नवं काही ठरवायच्या आधी पल्याडपाड्याची एखादी बाई उठून विचारते, “कुणाकुणाच्या घरी गेलात?” मंडळातला प्रत्येक जण घरांची नावं घेतो. मग ज्या घरी जायचं राहिलं त्याचं नाव घ्यायचं, त्या घरच्या माणसाकडे बघायचं आणि मोठ्याने म्हणायचं, “मला लाज वाटते.” सबब सांगायची नाही. एकही वर्ष असं गेलं नाही की हे म्हणायला कुणी उभं राहिलं नाही, असं म्हणतात. आणि सगळ्यांत आधी उभे राहतात ते फादर.